फाईल पुन्हा वाचणारा माणूस

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपल्याकडे म्हणतात. पण ही म्हण ज्याला पायरी चढायची की नाही हे ठरवता येते त्याच्यासाठी आहे. पोलिसांच्या गाडीतून ज्याला आणले जाते, त्याला पायरी चढण्याचे स्वातंत्र्य नसते आणि उतरण्याचे तर नसतेच. त्यातून तो निरपराध असेल आणि तरीही त्याला शिक्षा झाली, तर त्याने पुढे काय करायचे? वकिलाला द्यायला पैसे नाहीत, घरची माणसे मोलमजुरी करणारी, कागद इंग्रजीत. अशा माणसासाठी कायद्याने एक वाट ठेवली आहे. ती फुकट आहे आणि ती त्याचा हक्क आहे. आज त्या वाटेविषयी बोलायचे आहे.

आरंभ आपल्याच राज्यातल्या एका खटल्याने करू. ५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळ शेतात झोपडी करून राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा जीव गेला, घरातल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा तो प्रसंग. लोक चिडले होते आणि ते स्वाभाविक होते. नंतर पोलिसांनी सहा जणांना पकडले. सगळे भटक्या जमातीतले, गरीब, मजुरी करणारे. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. म्हणजे ज्या तिघांची फाशी उच्च न्यायालयात टळली होती, त्यांच्या गळ्यात दोर पुन्हा आला.

गोष्ट इथे संपली असती. पण २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला. कारण ज्या तिघांची शिक्षा वाढवली गेली, त्यांचे म्हणणे ऐकून घेतलेच गेले नव्हते. अपिले नव्याने ऐकायला घेतली गेली. आणि ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री, न्यायमूर्ती एस. अब्दुल नझीर आणि न्यायमूर्ती एम. आर. शहा यांच्या पीठाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती, त्यातली तेरा फाशीच्या छायेत. सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, असे शिक्षा झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी ठरले होते.

आता प्रश्न येतो, २०१९ मध्ये असा कोणता नवा पुरावा सापडला? इथेच लक्ष द्यायला हवे. ज्या मुद्द्याने निकाल फिरला, तो नवा नव्हताच. त्या दरोड्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला पोलिसांनी गुन्ह्यानंतर दोनच दिवसांनी, ७ जूनला, सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. त्या साक्षीदाराने चार जण ओळखले होते. आणि ते चार जण म्हणजे या सहांपैकी कोणीही नव्हते! तो जबाब कागदावर होता. पण त्या चौघांचे पुढे काय झाले, त्यांच्यावर खटला का चालला नाही, याचे समाधानकारक उत्तर तपास यंत्रणेकडे नव्हते.

म्हणजे सुटकेचा कागद सोळा वर्षे फाईलमध्येच पडून होता. कमी होती ती फाईल शांतपणे, संशय घेऊन, पहिल्या पानापासून वाचणाऱ्या माणसाची. ज्याच्याकडे पैसे आहेत तो असा माणूस विकत घेतो. ज्याच्याकडे नाहीत त्याला तो समाजाने द्यायचा असतो. मोफत कायदेशीर मदत म्हणजे दुसरे काही नाही, ही फाईल वाचणाऱ्या माणसाची सोय आहे.

निरपराधाला शिक्षा होते कशी?

न्यायाधीश निकाल देतो तो समोर आलेल्या पुराव्यावर. पुरावाच वाकडा आला, तर निकालही वाकडा जातो. चुकीची ओळख हे त्याचे सगळ्यात मोठे कारण. रात्रीचा अंधार, जिवाची भीती आणि काही मिनिटांचा प्रसंग. महिन्याभराने ओळख परेड होते आणि साक्षीदार प्रामाणिकपणे चुकतो. दुसरे कारण म्हणजे कबुलीजबाब. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या साक्षीपुरावा कायद्यात सहसा पुरावा धरली जात नाही, ती का हे आपल्याला सांगायला नको. तिसरे कारण लपून राहिलेला कागद, जसा नाशिकच्या खटल्यात झाला. आणि चौथे कारण म्हणजे नावापुरता वकील. सरतपासणी झाली, उलटतपासणीची वेळ आली आणि वकिलाने आरोपीला एकदाही भेटून विचारलेले नाही की, 'बाबा रे, त्या रात्री तू होतास कुठे?'

जगात इतरत्रही हेच दिसले आहे. इंग्लंडमध्ये १९७४ साली बर्मिंगहॅम शहरात दारूच्या गुत्त्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले. सहा जणांना जन्मठेप झाली आणि १९९१ मध्ये न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तिथेही सहाच जण आणि तिथेही सोळा वर्षे. त्या अनुभवातून इंग्लंडने एक स्वतंत्र आयोग नेमला, तो १९९७ पासून काम करतो आहे. शिक्षा झालेला माणूस या आयोगाकडे अर्ज करू शकतो. आयोग कागद मागवतो, तपासतो आणि योग्य वाटले तर प्रकरण पुन्हा अपील न्यायालयाकडे पाठवतो. अमेरिकेत बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या दोन वकिलांनी १९९२ साली न्यूयॉर्कच्या एका विधी महाविद्यालयात 'इनोसन्स प्रोजेक्ट' सुरू केला. जुन्या खटल्यातले रक्ताचे, कपड्यांचे नमुने डीएनए चाचणीला पाठवायचे आणि शिक्षा झालेला माणूस खरोखर तोच आहे का ते पाहायचे. या चाचणीने तिथे तीनशेहून अधिक जण निर्दोष ठरले. त्यांतले काही फाशीच्या रांगेत उभे होते.

आपल्याकडे असा आयोग नाही. शिक्षा झालेल्या माणसाला जुन्याच पायऱ्यांनी वर जावे लागते. अपील, मग विशेष अनुमती याचिका, मग पुनर्विलोकन, आणि अगदी शेवटी सुधारणा याचिका व दयेचा अर्ज. पण या प्रत्येक पायरीवर सरकारी खर्चाने वकील मिळण्याची सोय आहे. दुर्दैव असे की, ज्याला तिची सर्वात जास्त गरज असते त्यालाच तिची माहिती सर्वात कमी असते.

हक्क कुठून आला?

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले. पैशाअभावी कोणाला न्याय नाकारला जाऊ नये, त्यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असे ते सांगते. हे मार्गदर्शक तत्त्व होते. त्याला हक्काचे बळ दिले ते न्यायालयांनी, आणि त्यातले एक महत्त्वाचे पाऊल महाराष्ट्रातल्या कैद्याच्या प्रकरणातूनच पडले.

१९७३ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका आरोपीला तीन वर्षांची शिक्षा दिली. त्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली ती चार वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर. तोपर्यंत शिक्षा भोगूनही झाली होती! इतका उशीर का, असे विचारल्यावर तो म्हणाला की निकालाची प्रत माझ्या हातात कधी आलीच नाही. १९७८ च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने त्याची याचिका फेटाळली, पण तसे करताना पुढच्या सगळ्या कैद्यांसाठी नियम घालून दिला. शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत ताबडतोब आणि फुकट मिळाली पाहिजे. तुरुंगाने ती त्याच्या हातात देऊन लेखी पोच घेतली पाहिजे. आणि ज्याला वकील करणे शक्य नाही, त्याला अपिलासाठी राज्याने वकील दिला पाहिजे. वकील देणे ही सरकारची मेहेरबानी नसून कर्तव्य आहे, ही या निकालाची शिकवण. तो 'होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ओळखला जातो.

पुढे पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांच्या हालांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर १९८३ साली न्यायालयाने आदेश दिला की, अटक होताच पोलिसांनी जवळच्या कायदा मदत समितीला कळवावे. मग १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला, म्हणूनच ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन.

या कायद्याच्या बाराव्या कलमात मदत कोणाला मिळेल ते लिहिले आहे. अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया, मुले, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले आणि ठराविक मर्यादेखाली उत्पन्न असलेले लोक. आणि आपल्या विषयाचा मुद्दा म्हणजे कोठडीत किंवा तुरुंगात असलेली कोणतीही व्यक्ती. तिथे उत्पन्नाची अट नाही. गुन्हा कोणता, हाही प्रश्न नाही. माणूस आत आहे, एवढे पुरे.

लोधिवलीहून दिल्लीपर्यंत

आता हे कागदावरचे बोलणे जमिनीवर आणू. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, चौकजवळ लोधिवली आहे. रस्त्याच्या कडेने कारखाने, हॉटेले, जमिनीचे फलक. आत डोंगराकडे वळले की ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या. समजा, अशा एका वाडीतल्या बाईच्या मुलाला खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली. ती म्हणते, त्या रात्री तो वीटभट्टीवर होता, गावात नव्हताच. खटल्यात हे कोणी सांगितले नाही. तिने काय करावे?

तिचा पहिला थांबा खालापूरचा. प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. तिथे तोंडी सांगितले तरी चालते, अर्ज लिहून घेण्याचे काम तिथल्या माणसांचे आहे. "मावशी, मुलगा कुठल्या जेलात आहे? निकाल कधी लागला?" असे विचारतील. ही दोन उत्तरे तिच्याजवळ हवीत. शक्य असेल तर खटल्याचा क्रमांकही हवा. आता प्रत्येक खटल्याला संगणकावर सोळा अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो. तो चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवला, तर कुठल्याही कार्यालयात काम सोपे होते.

खालापूरच्या वर अलिबागला रायगड जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. त्याच्या वर उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती मुंबईत, आणि त्याच्या वर सर्वोच्च न्यायालयाची विधी सेवा समिती दिल्लीत. ज्या न्यायालयात दाद मागायची, त्या न्यायालयाची समिती वकील देते. बाईने मुंबई-दिल्लीच्या खेपा घालण्याची गरज नाही. अर्ज खालून वर पाठवता येतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

दुसरी वाट तुरुंगातूनच आहे आणि पुष्कळदा तीच जवळची असते. मुलगा तळोजाला असो, येरवड्याला असो की कोल्हापूरच्या कळंब्याला, तुरुंगात कायदा मदत केंद्र असते. तिथे विधी स्वयंसेवक असतात. काही ठिकाणी शिक्षा भोगणाऱ्या जुन्या, शिकलेल्या कैद्यांनाच हे काम शिकवलेले असते. कैदी आपले अपील तुरुंग अधीक्षकांच्या हाती देऊ शकतो. ते योग्य न्यायालयाकडे पाठवणे अधीक्षकांवर कायद्याने बंधनकारक आहे. याला 'जेल अपील' म्हणतात. एक साधा कागद, मराठीत लिहिलेला असला तरी, तिथून निघू शकतो.

मुदतीचे मात्र भान हवे. दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली असेल तर सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील करायचे. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली असेल तर उच्च न्यायालयात साठ दिवसांत, फाशीची शिक्षा असेल तर तीसच दिवसांत. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जायला साधारण नव्वद दिवस. निकालाची प्रत मिळवायला जो वेळ लागतो, तो यात धरत नाहीत. आणि मुदत उलटली म्हणून हात टेकायचे नाहीत. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, आणि कैदी तुरुंगात होता, त्याला कळवलेच नव्हते, ही कारणे न्यायालये सहानुभूतीने ऐकतात. अपिलाबरोबरच शिक्षा स्थगित करून जामीन मागण्याचाही अर्ज होतो. अपिलाचा नंबर लागायला कधी कधी वर्षे जातात, म्हणून हा अर्ज विसरू नये.

या सगळ्याला किती पैसे? काही नाही. वकिलाची फी प्राधिकरण देते. कोर्ट फी, टायपिंग, झेरॉक्स, कागदांचे भाषांतर, प्रमाणित प्रती, सगळे त्यात येते. मोफत मदतीचा वकील पैसे मागू लागला तर देऊ नयेत, प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करावी. वकील लक्षच देत नसेल तर तो बदलून मागता येतो.

घरच्यांनी काय जपावे?

आपल्या घरांत कागद पत्र्याच्या ट्रंकेत असतात, नाहीतर पावसाने भिजलेले असतात. पण एखादा कागदच माणसाला सोडवतो. आरोपपत्राची प्रत, निकालाची प्रत आणि वकिलाला दिलेल्या कागदांच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवाव्यात. मूळ कागद शक्यतो हातचा सोडू नये.

त्या वेळी माणूस दुसरीकडे होता हे दाखवणारे जे असेल, ते लगेच शोधावे. वीटभट्टीवरची हजेरी, उचल लिहिलेली वही, कारखान्याच्या गेटवरची नोंद, दवाखान्याचा केसपेपर, एसटीचे तिकीट. मोबाइल कंपन्या कॉलच्या नोंदी कायमच्या ठेवत नाहीत, दुकानांचे कॅमेरे तर काही दिवसांतच जुने चित्रण पुसतात. म्हणून उशीर करू नये. खटल्यात हा पुरावा आला नसला, तरी अपिलाचे न्यायालय योग्य कारण असेल तर तो नव्याने घेऊ शकते.

आणि जन्मतारखेचा कागद. त्याचे मोल सांगणारे एक प्रकरण महाराष्ट्रातलेच आहे. १९९४ साली पुण्यात एका घरातल्या सात जणांचा खून झाला. त्यात राजस्थानातल्या एका मुलाला फाशीची शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. पुढे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीचा दाखला पुढे आला. नोंदीतले नाव आणि खटल्यातले नाव वेगळे होते, म्हणून चौकशी झाली. शेवटी २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो जेमतेम साडेबारा वर्षांचा होता. एवढ्या लहान मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत होता. इथे तो निरपराध ठरला असे नाही, पण त्याला दिलेली शिक्षा कायद्यात बसतच नव्हती. अल्पवयीन असल्याचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला हा केवळ शाळेचा कागद समजू नये.

या प्रकरणात कैद्याच्या मागे उभे राहिले ते दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातले 'प्रोजेक्ट ३९-ए' हे केंद्र. ज्या कलमाचा आपण मघाशी उल्लेख केला, त्याच कलमावरून त्याचे नाव ठेवले होते. सरकारी व्यवस्थेच्या बाहेर असे काम करणारे इतरही आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा उपक्रम १९९० पासून तुरुंगातल्या माणसांमध्ये काम करतो. समाजकार्य शिकलेली मुले-मुली कैद्याला भेटतात, घरी कळवतात, वकिलाशी गाठ घालून देतात. मुंबईच्या २००६ च्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात आरोपींना कायदेशीर मदत केली ती जमियत उलेमा या संघटनेच्या महाराष्ट्रातल्या कायदा समितीने. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यातल्या एकाचे त्याआधीच, २०२१ मध्ये, तुरुंगात निधन झाले होते. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला त्या न्यायालयाने सांगितले की सुटलेल्यांना परत तुरुंगात जावे लागणार नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये.

उणिवाही सांगायला हव्यात

मोफत मदतीचे सगळे आलबेल आहे असे म्हटले, तर ती फसवणूक होईल. मदतीच्या वकिलाला मिळणारे मानधन खासगी फीच्या मानाने थोडे असते. कधी अगदी नवखा वकील नेमला जातो, कधी तो कैद्याला न भेटताच उभा राहतो. न्यायालयांनाही हे ठाऊक आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, ज्या गुन्ह्यात जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते, तिथे किमान दहा वर्षे वकिली केलेलाच वकील द्यावा आणि तयारीला त्याला किमान सात दिवस तरी मिळावेत. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकील नेमण्याची योजना सुरू झाली. सरकारची बाजू मांडायला जसे सरकारी वकील, तसेच आरोपीच्या बाजूने पगारी वकील.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक साधी पण मोलाची गोष्ट सुचवली. शिक्षेच्या निकालाची प्रत देताना वर एक पान जोडावे आणि त्यावर लिहावे की, तुम्हाला वरच्या न्यायालयात जायला मोफत वकील मिळू शकतो, त्यासाठी अमुक ठिकाणी संपर्क करा. एक पान! १९७८ साली प्रतच मिळत नव्हती. आता प्रतीबरोबर वाटही सांगा, असे न्यायालय म्हणते आहे. शेहेचाळीस वर्षांत एवढे अंतर आपण चाललो.

भरपाईचे तर विचारूच नका. बिहारमधला एक माणूस १९६८ साली निर्दोष सुटला, पण तुरुंगातून बाहेर आला १९८२ मध्ये. चौदा वर्षे त्याला कोणी सोडलेच नव्हते. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला पस्तीस हजार रुपये देववले. नाशिकच्या सहा जणांना २०१९ मध्ये प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत आणि तपास अधिकाऱ्यांच्या वागण्याची चौकशी करावी, असा आदेश झाला. सोळा वर्षांचे पाच लाख, म्हणजे महिन्याला अडीच हजार रुपयांच्या आसपास. तेसुद्धा न्यायालयाने मनावर घेतले म्हणून, कायद्यात तसे लिहिले आहे म्हणून नव्हे. २०१८ साली विधी आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात, चुकीच्या खटल्यात भरडलेल्या माणसांसाठी भरपाईचा कायदा करावा, अशी शिफारस केली. त्यानंतर १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे आले. पण विनाकारण अटक झालेल्या माणसाला मिळणाऱ्या भरपाईची कमाल रक्कम त्यातही जुन्यासारखीच एक हजार रुपये राहिली.

कोणी म्हणेल, तुम्ही गुन्हेगारांचीच बाजू घेता, ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. पण विचार करा. नाशिकच्या त्या शेतातल्या कुटुंबाला न्याय मिळाला का? सोळा वर्षे सगळ्यांची समजूत होती की गुन्हेगार सापडले, शिक्षा झाली. सोळा वर्षांनी कळले की ज्यांना धरले ते ते नव्हतेच. मग ज्यांनी हे केले ते एवढी वर्षे कुठे होते? निरपराध माणूस जेव्हा आत जातो, तेव्हा खरा अपराधी बाहेर राहतो. म्हणजे अन्याय एक नाही, दोन होतात, आणि दुसरा अन्याय मेलेल्यांवर होतो. आरोपीला चांगला वकील मिळणे हे म्हणूनच पीडिताच्याही हिताचे आहे.

मंडळी, आपण काय करू शकतो? फार मोठे काही नको. आपल्या ओळखीत, शेजारच्या वाडीत, घरी काम करणाऱ्या बाईच्या कुटुंबात कोणी तुरुंगात असेल, तर तीन गोष्टी सांगा. निकालाची प्रत फुकट मिळते, ती मागा. वकील फुकट मिळतो, त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात जा किंवा १५१०० ला फोन करा. आणि मुदत गेली असली तरी अर्ज करा. सांगणाऱ्याला पाच मिनिटे लागतात. ऐकणाऱ्याची कदाचित काही वर्षे वाचतात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे खरे असेलही. पण जो नाइलाजाने ती चढला आहे, त्याला हात द्यायला मात्र शहाण्याने जरूर जावे.